पहारेकऱ्यांची शाळा

मळवली स्टेशनावर गाडीतून उतरून भाजे गावाची वाट धरली आणि पुढचा चढ चढून गेले, की गायमुख खिंड लागते. खिंडीच्या एका अंगास विसापूर आणि दुसऱ्या अंगास लोहगड. लोहगडाच्या पायऱ्या चढू लागले म्हणजे एकामागून एक चार दरवाजे येतात : गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. वाट सरळ नाही. ती सापासारखी वळणे घेत वर जाते. पहिल्या दरवाजातून शिरलेला मनुष्य दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचेतो वरच्या तटावरील पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटत नसे. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत आमचा हा लोहगडही आहे.

मी मावळातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हा सातवीच्या मुलांची सहल आम्ही हिवाळ्यात या गडावर नेत असू. अशाच एका सहलीत दुपारी नारायण दरवाजाजवळच्या सावलीत मुलांनी शिदोऱ्या सोडल्या. एक मुलगी मात्र जरा बाजूस वळून बसली. पिशवीतून तिने एक लहानशी सुई काढली, पोटाच्या कातडीत टोचून घेतली आणि मग भाकरीस हात लावला. तिला मधुमेह होता. तिचे वडील लोणावळ्यास एका चिक्कीच्या दुकानात कामास होते. सुई पाहून एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “दुकानातली चिक्की चोरून खाल्ली असेल, म्हणून झाली हिला साखर!” चार मुले हसली. मुलगी काही बोलली नाही. तिने डबा मिटून ठेवला.

खरे सांगावयाचे, तर त्या मुलावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. तिचे वडील आजाराची हकिगत सांगण्यास शाळेत आले होते, तेव्हा मीही त्यांस हेच सुनावले होते, की “एवढ्या लहान वयात साखर! पोरीच्या खाण्यावर लक्ष ठेवावयास हवे होते.” ते गृहस्थ मान खाली घालून ऐकून गेले. माझा विषय मराठी. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर बोलू नये, एवढे कळण्यास शास्त्राची पदवी लागत नाही.

आमच्या शास्त्राच्या बाई सहलीस आल्या होत्या. त्यांनी आपला डबा खाली ठेवला आणि दरवाजाकडे बोट दाखवून विचारले, “या दारात पहारेकरी उभा आहे असे समजा. तो कोणास आत सोडील?”

“ओळखीच्या माणसाला,” एक जण म्हणाला. “परवलीचा शब्द सांगेल त्याला,” दुसरा म्हणाला.

“आणि पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला शत्रू समजून त्याच्यावर वार केला तर?”

कोणी बोलेना.

“हिच्या शरीरात तसे झाले आहे,” बाई म्हणाल्या. “चिक्कीचा त्यात काही दोष नाही आणि हिचाही नाही.”

बाईंनी त्या दुपारी जे सांगितले, ते आणि पुढे मी वाचून समजून घेतले ते, असे दोन्ही मिळून येथे देत आहे.

आपले शरीर सुमारे तीस लाख कोटी पेशींचे बनलेले आहे. रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्या पेशीही असतात आणि शरीराच्या रक्षणाचे काम या पांढऱ्या पेशींकडे असते. त्यांचे अनेक वर्ग आहेत. त्यांपैकी एका वर्गास टी-पेशी असे म्हणतात. गडावर जसा पहारा फिरत असे, तशा या टी-पेशी रात्रंदिवस शरीरात फिरत असतात. परंतु त्यांची अडचण गडाच्या पहारेकऱ्याहून मोठी आहे. इन्फ्लुएन्झासारख्या रोगाचा विषाणू उघड्यावर थांबत नाही. तो आपल्याच पेशीच्या आत शिरून बसतो. बाहेरून पाहावे तर घर आपले, भिंती आपल्या आणि आत चोर. मग पहारेकऱ्याने ओळखावे कसे?

बाजारात भाताचे पोते विकावयास आणले, म्हणजे व्यापारी सारे पोते ओतून पाहत नाही. तो मूठभर दाणे काढून तळहातावर घेतो आणि आत काय आहे ते ओळखतो. यास वानगी म्हणतात. आपल्या पेशीही अशीच वानगी दाखवितात. पेशीच्या आत जी प्रथिने तयार होतात, त्यांतील काहींचे पेशी बारीक तुकडे करते. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ असे मानले, तर या तुकड्यात बहुधा आठ-दहाच मणी असतात. हा तुकडा एका विशिष्ट प्रथिनाच्या खोलगट तबकात बसवून पेशी ते तबक आपल्या पृष्ठभागावर मांडते. निरोगी पेशीच्या तबकांत घरचीच वानगी असते. विषाणू आत शिरला, की त्याची प्रथिनेही तेथे तयार होऊ लागतात आणि त्यांची वानगी तबकात येते. फिरती टी-पेशी तबक चाचपून पाहते. परकी वानगी हातास लागली, की ती त्या पेशीचा नाश करते. एक घर जाते. पण शेजारची घरे वाचतात.

तांबड्या पेशी सोडल्या, तर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर अशी तबके असतात. त्यांची घडण माणसामाणसांत निराळी असते. निम्म्या तबकांची घडण आईकडून येते आणि निम्म्यांची वडिलांकडून. दोन सख्ख्या भावंडांची तबके तंतोतंत जुळण्याचा संभव चारांत एक असतो. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवावयाचे असले, म्हणजे डॉक्टर आधी ही तबके जुळवून पाहतात, ते याचसाठी. वैद्यकात या ओळखखुणांस एच. एल. ए. असे नाव आहे.

टी-पेशी नुसती वानगी पाहत नाही, ती तबकही पाहते, हे कोडे १९७४ साली सुटले. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल हे दोन शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होते. एका जातीच्या उंदरांस त्यांनी एका विषाणूची बाधा होऊ दिली. त्या उंदरांच्या टी-पेशी तो विषाणू शिरलेल्या पेशींचा फडशा पाडू लागल्या. मग त्याच टी-पेशी त्यांनी निराळी तबके असलेल्या उंदरांच्या पेशींसमोर सोडल्या. विषाणू तोच होता. परंतु टी-पेशी ढिम्म हलल्या नाहीत. तबक परके असल्यामुळे त्यातील वानगी त्यांस ओळखताच आली नाही. या शोधाबद्दल दोघांस १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा पहारेकऱ्याची ओळख दुहेरी आहे. तबक घरचे असले पाहिजे आणि त्यात वानगी परकी आहे की काय, हे कळले पाहिजे. ही जाण घेऊन कोणतीही टी-पेशी जन्मास येत नाही. परवलीचा शब्द जन्मतः कोणास ठाऊक असतो? तो शिकावा लागतो आणि त्याकरिता शाळा लागते.

ही शाळा तुमच्या छातीत आहे. गळ्याखाली, छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागावर हात ठेवा. त्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी असते. तिचे इंग्रजी नाव थायमस. टी-पेशींतील ‘टी’ हे तिचेच आद्याक्षर होय. मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. यौवनात लोप पावणारी, ती यौवनलोपी. मी मराठीचा विद्यार्थी, त्यामुळे हे नाव वाचून मला मोठा आनंद झाला; इंग्रजी नावापेक्षा ते पुष्कळ अधिक सांगते. तुमच्या वयात ही ग्रंथी भरात असते. वयात येण्याच्या सुमारास तिचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने तीन तोळ्यांच्या आसपास भरते. मग ती हळूहळू आटत जाते. माझ्या वयाच्या माणसाच्या छातीत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरलेली असते.

या ग्रंथीचा काही उपयोग असेल, असे पुष्कळ काळ कोणास वाटले नव्हते. मोठ्या प्राण्याच्या छातीतून ती काढून टाकली, तरी त्याचे फारसे काही बिघडत नसे. १९६१ साली जॅक मिलर या तरुण शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली आणि चित्र पालटले. ती पिले काही आठवडे बरी वाढली. पुढे मात्र साध्यासुध्या रोगांपुढे टिकाव न लागून रोडावत गेली व मेली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी बसविली, तर तीही बिनतक्रार चिकटून राहिली. आपले कोण, परके कोण, हे सांगणारेच कोणी उरले नव्हते. मुले शिकून गावोगाव कामास लागल्यावर शाळेची इमारत पाडली, तर त्यांचे शिक्षण काही पुसले जात नाही. परंतु पहिली घंटा होण्यापूर्वीच इमारत पाडली तर?

आता या शाळेत चालते काय ते पाहू. विद्यार्थी येतात ते हाडांच्या आतील मज्जेतून, रक्तावाटे. येताना त्यांच्याजवळ तबक धरण्याचे साधन नसते. शाळेत आल्यावर प्रत्येक पेशी स्वतःसाठी एक पकड तयार करते. ती करण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. डोळे मिटून मुळाक्षरांचे ठोकळे उचलावेत आणि हातास येतील तसे जोडून शब्द करावा, तशी ही पेशी आपल्या जनुकांचे तुकडे जुळविते. त्यामुळे दर पेशीची पकड निराळी. असे का? तर उद्या कोणता शत्रू येणार, हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून हरएक आकाराची पकड आधीच करून ठेवण्याचा उद्योग निसर्गाने मांडला आहे. परंतु डोळे मिटून केलेल्या शब्दांत निरर्थक शब्दच फार निघतात आणि एखादा शब्द शिवीही निघतो. तेव्हा परीक्षा अटळ ठरते.

पहिली परीक्षा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होते. प्रश्न एकच : घरचे तबक तुला धरता येते काय? तेथील पेशी घरची तबके मांडून उभ्या असतात. ज्या विद्यार्थ्यास तबक मुळीच धरता येत नाही, त्यास कोणी मारीत नाही. त्यास ‘जग’ असा इशारा मिळत नाही, एवढेच. तीन-चार दिवसांत ती पेशी आपोआप मरून जाते. बहुसंख्य विद्यार्थी येथेच गळतात. जे उत्तीर्ण होतात, त्यांचा पुढचा व्यवसायही येथेच ठरतो. तबके दोन प्रकारची असतात. एक प्रकार धरणाऱ्या टी-पेशी पुढे बाधा झालेल्या पेशींस मारतात. दुसरा धरणाऱ्या इतर रक्षक पेशींस हुशार करून मदत करतात.

दुसरी परीक्षा आतल्या भागात होते आणि ती पहिलीच्या अगदी उलट आहे. आता विचारले जाते : घरचीच वानगी असलेले तबक तू फार घट्ट तर धरीत नाहीस ना? जी पेशी घरच्या वानगीसही घट्ट पकडते, ती बाहेर जाऊन घरच्यांवरच हात टाकणार. बहुधा तिला तेथेच मरण येते. हलकेच धरावे आणि सोडून द्यावे, असे करणारी पेशी उत्तीर्ण.

येथे एक शंका तुम्हांस यावी. शाळा छातीत आहे. डोळ्याची, यकृताची, स्वादुपिंडाची वानगी तेथे कोठून आणणार? गावच्या बाजारात बहुरूपी येतो, तो तुम्ही पाहिला असेल अथवा आजोबांकडून ऐकला असेल. आज तो फौजदार होऊन येतो, उद्या डॉक्टर, परवा साधू. या ग्रंथीच्या आतल्या भागातील काही पेशी अशाच बहुरूपी असतात. आपण ग्रंथीच्या पेशी असूनही त्या शरीरातील दूरदूरच्या अवयवांची प्रथिने थोडथोडी तयार करतात आणि त्यांची वानगी तबकात मांडतात. कोणी स्वादुपिंडाचे सोंग घेते, कोणी डोळ्याचे. पोरसवदा टी-पेशीस साऱ्या गावाची ओळख अशी शाळेतच होते. ही सोंगे ज्याच्या हुकुमाने वठतात, ते जनुक १९९७ साली सापडले. ज्यांच्यात ते जन्मतः बिघडलेले असते, त्यांच्या टी-पेशी शरीरातील एकेका ग्रंथीवर चालून जातात. त्यांस परके असे कोणी भेटलेले नसते. घरचेच लोक त्यांस कोणी दाखविलेले नसतात.

दोन्ही परीक्षा मिळून शंभरांतून दोन ते पाच पेशीच उत्तीर्ण होतात. मी अनेक वर्षे परीक्षांचे निकाल लावले. असा निकाल एकदा जरी लावला असता, तरी पालकांनी शाळेस कुलूप ठोकले असते.

इतकी कडक शाळा असूनही काही चुकार पेशी सुटून बाहेर पडतात. त्यांस आवरण्यासाठी शरीराने आणखी एक सोय केली आहे. काही टी-पेशींचे काम लढणे हे नसून लढणाऱ्यांस शांत करणे हे असते. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. त्यांस आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांस याच विषयातील शोधांबद्दल २०२५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आमच्या त्या मुलीकडे येऊ. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची लहान लहान बेटे असतात आणि तेथील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन असले, तरच रक्तातील साखर शरीराच्या पेशींस नीट वापरता येते. तिच्या चुकार टी-पेशींनी इन्सुलिन करणाऱ्या या पेशी शत्रू समजून मारल्या होत्या. म्हातारपणी आजी-आजोबांस होतो तो मधुमेह बहुधा निराळ्या प्रकारचा. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह होय. काही माणसांच्या यौवनलोपी ग्रंथीत इन्सुलिनचे सोंग वारशानेच फिके वठते आणि अशांस हा विकार होण्याचा संभव अधिक असतो, असे संशोधकांस दिसून आले आहे. जे सोंग शाळेत नीट दिसलेच नाही, ते बाहेर ओळखू कसे येणार? इतरही कारणे असतात. गोड खाणे मात्र त्यांत नाही. १९२२ पूर्वी असा आजार झालेली मुले फार दिवस जगत नसत. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोचले गेले आणि तो वाचला. आमच्या मुलीच्या पिशवीतील सुई, ती हीच.

बाईंचे बोलणे संपले, तेव्हा मुलीने डबा पुन्हा उघडला होता. तिने विचारले, “बाई, माझ्या पहारेकऱ्यांना पुन्हा शाळेत घालता येणार नाही का?”

बाई थोड्या थांबल्या. “अजून तरी नाही,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ लोक त्यासाठी खपत आहेत. आपल्या पुण्यातही विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथे या रक्षक पेशींचा अभ्यास चालतो.”

त्या सहलीला आता बरीच वर्षे झाली. २०२२ साली अमेरिकेत एका औषधास मान्यता मिळाली. ते हल्ला करणाऱ्या टी-पेशींस काही काळ थोपविते. आजाराची पहिली चिन्हे रक्तात दिसू लागलेल्यांस दिले, तर पुढचा मधुमेह सुमारे दोन वर्षे लांबतो. एकदा झालेला मधुमेह त्याने जात नाही. मी ही बातमी वाचली, तेव्हा मला तिचा तो प्रश्न आठवला. तिच्या वडिलांची क्षमा मात्र मी सहलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी लोणावळ्यास जाऊन मागितली होती.

गडावरून उतरताना गणेश दरवाजाशी ती मुलगी एकाएकी पायरीवर बसली. हात कापत होते, कपाळावर घाम आला होता. सुई घेतलेली, वर गड चढण्या-उतरण्याचे श्रम. रक्तातील साखर फार खाली गेली होती. बाईंनी लगबगीने ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून तिला पाजली. दुपारी हसलेली मुले भोवती गप्प उभी होती. तो चिक्कीबद्दल बोललेला मुलगा पुढे आला. त्याने खिशातून कागदात गुंडाळलेली शेंगदाण्याची चिक्की काढली.

“बाई, हिला ही चालेल का?”

“आधी ते पाणी पिऊ दे,” बाई म्हणाल्या. “मग चालेल.”

पाणी संपल्यावर थोड्या वेळाने तिने चिक्कीचा तुकडा मोडला, अर्धा त्याच्या हातावर ठेवला आणि आम्ही खिंडीच्या वाटेस लागलो.